गोजरानं तोडला बुध्याचा आंबा

शहापूरच्या कोर्टात चांगो निचिते नावाचे एक वकील आहेत. पुस्तक न उघडता ते कुठलंही कलम सांगतात, पण सांगण्याआधी डोळे मिटून थोडं गुणगुणतात. नवा न्यायाधीश आला की पहिल्या दिवशी दचकतो. बाकीचे वकील त्याला समजावतात की निचिते देवाचं नाव घेतल्याशिवाय बोलत नाहीत, फार सात्त्विक माणूस. हा सात्त्विक माणूस माझा थोरला भाऊ आहे आणि तो देवाचं नाव घेत नाही, गोजरचं घेतो. हे मी खात्रीने सांगते, कारण त्या गाण्यात मागून झील मीच धरत असे.

आमचं गाव किन्हवलीच्या अलीकडे. माझ्या जन्माच्या वेळी आई गेली, आणि आम्हा दोघांना वाढवायला आबांची बहीण भागीरथी आत्या घरी येऊन राहिली. तिचा नवरा मुंबईला गिरणीत होता, सणासुदीला यायचा. तिला मूल नव्हतं. आत्या धवलारीण होती. आमच्याकडे लग्नाला भटजी आला तरी धवलारणीने धवले म्हटल्याशिवाय मांडव पुरा होत नाही. हळदीपासून वरातीपर्यंत सगळी गाणी तिच्या तोंडात असत आणि प्रत्येक गाण्यात नवऱ्याचं, नवरीचं, त्यांच्या आईबापांचं नाव गुंफलेलं असे. तिचे नियम दोनच. नावाशिवाय धवला नाही. आणि एकदा उचललेला धवला मध्येच तोडायचा नाही, तोडला तर संसार अर्ध्यावर राहतो. याच नियमापायी एकदा मांडवाला आग लागली तेव्हा तिने धवला संपवून मग पाण्यासाठी आरोळी ठोकली होती.

दादा हुशार होता यात वाद नाही. तो स्वतःच तसं रोज सांगत असे. मुंबईला नातेवाइकांकडे राहून त्याने कायद्याचं कॉलेज कडेकडेने पार केलं. मग राहिली सनदेची परीक्षा. ती पास झाल्याशिवाय अंगावर काळा कोट चढत नाही. ही परीक्षा मात्र दादाला बाधली. आदल्या संध्याकाळपर्यंत सगळी कलमं पाठ, आणि पेपर हातात आला की डोकं धुतलेल्या पाटीसारखं. पहिल्यांदा नापास झाला तेव्हा म्हणाला, पेपर काढणारा मूर्ख होता. दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा गोठ्यात जाऊन बैल घासत बसला. तेव्हा मला त्याची पहिल्यांदा दया आली.

आबा म्हणाले, "आता तिसरी खेप शेवटची. नाय जमलं तर मुरबाडला मामाच्या भातगिरणीवर बसायचं."

गिरणीत वाईट काही नव्हतं. पण कोर्टाच्या पायरीवर आमची माणसं वकिलापुढे हात जोडून उभी असायची, आपल्याच जमिनीबद्दल काय बोलणं चाललंय ते त्यांना कळायचं नाही, आणि हे दादाने लहानपणापासून बघितलं होतं. आपल्या बोलीत समजावून सांगणारा एक तरी माणूस त्या कोटात असावा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. माझ्या भावाच्या डोक्यातली चांगली म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट, म्हणून मी ती लक्षात ठेवली आहे.

ही तिसरी खेप आली १९६५ च्या भाद्रपदात, आणि नेमकी तेव्हाच पाकिस्तानशी लढाई जुंपली. दादा शहापूरला ज्या वकिलांच्या हाताखाली दिवसभर कागदांच्या नकला करत असे, त्यांनी सांगितलं की परीक्षा पुढे ढकलली आहे, नवी तारीख कळेल तेव्हा कळेल. तारीख पुढे गेल्यावर माणसाने सुटकेचा श्वास सोडावा. दादाची उलटी तऱ्हा. आता रोजच त्याला उद्या परीक्षा आहे असं वाटू लागलं. अन्न जाईना. दिवसातून कितीदा तांब्या घेऊन ओढ्याकडे जायचा त्याची मोजदाद आत्याने सोडून दिली. शहापूरला जाताना रस्त्यात म्हशींना कलमं सांगतो अशी बातमी आली. आबा म्हणाले, म्हशी तरी ऐकून घेतात.

त्यात अंधार आला. शत्रूच्या विमानांना दिसू नये म्हणून मुंबईत दिवे बंद झाले, कल्याणला झाले, रेल्वेच्या अंगाची शहापूरकडची गावंही अंधारली. आमच्या गावात वीजच नव्हती, त्यामुळे बंद करायला काही नव्हतं, पण पंचायतीला मागे राहायचं नव्हतं. कंदील, चिमणी, काही म्हणजे काही दिसता कामा नये असं ठरलं आणि पहारा गोजरकडे दिला. गोजर धिप्पाड आणि सरळ माणूस. उभ्या जन्मात त्याने दुसऱ्याची काडी उचलली नव्हती. पण पंचायतीने त्याला शिट्टी दिली, आणि शिट्टी हातात आलेला माणूस कितीही सरळ असला तरी ती वाजवल्याशिवाय राहत नाही.

दादाचा दिवस नकला करण्यात जायचा, अभ्यासाला उरायची ती दिवेलागणीनंतरची वेळ, आणि आता तीच गेली. पहिल्या संध्याकाळी त्याने खिडकीला गोणपाट लावलं. शिट्टी वाजली.

"चांगो, तुजा कंदील इमानातून दिसतंय रे," गोजर अंगणातून म्हणाला.

"तुम्ही विमानात कधी बसलात, गोजरकाका?"

"मी नाय बसलो. पन दिसतंय."

दुसऱ्या संध्याकाळी दादा कंदील घेऊन घोंगडीखाली शिरला. थोड्या वेळाने घोंगडीतून धूर निघाला आणि गोजरने धुरालाही शिट्टी मारली. दादाची मिशी एका बाजूने करपली. मग तो ओसरीवर अंधारात बसून नुसता पुटपुटू लागला. पुटपुटता पुटपुटता तो तीच ओळ परत परत म्हणू लागला. मी शेजारी बसून घेवड्याच्या शेंगा निवडत होते, हाताला लागतील तशा.

"काय बडबडतंस रे मघापासून?" आत्याने विचारलं.

"चोरीचं कलम. ए नावाच्या माणसानं झेड नावाच्या माणसाच्या जमिनीतलं झाड तोडलं. ते मला आठवतं. मग पुढं ए काय करतो आणि झेड काय करतो, त्याचा सगळा गुंता होतो."

"ए म्हंजे कोन?"

"कोणी नाही. असाच एक माणूस."

"कोनाचा पोर? कोनच्या गावचा?"

"आत्ये, पुस्तकात त्याला नाव नाही. सगळ्या कलमांत तोच चोरी करतो, तोच मारामारी करतो, आणि त्याचं नाव नुसतं ए."

आत्याला हे फारच लागलं. एवढी पापं करणारा माणूस आणि त्याला ना आई ना बाप ना आडनाव. "मंग तुजं काय चुकलं?" ती म्हणाली. "बिननावाच्या मानसाचं ध्यानात रवनार कसं? त्याला पयलं नाव दे."

तेवढ्यात गल्लीत शिट्टी वाजली. कोणाच्या तरी चुलीतला निखारा दिसला असणार. आत्या अंधारात गालात हसली असावी, कारण तिचा आवाज बदलला.

"ए म्हंजे गोजर," ती म्हणाली.

"आणि झेड?"

"झेड आपला बुध्या."

बुध्या गावाबाहेरच्या वाडीतला. आमच्या शेतात तण बेणायला यायचा, पावसाळा सरला की बायकापोरं घेऊन कोळशाच्या भट्टीवर जायचा. त्याच्या मालकीचं झाड सोडा, झोपडीखालची जमीनसुद्धा दुसऱ्याची. दादा म्हणाला, बुध्याकडे कुठं झाड आहे?

"म्हनून तर," आत्या म्हणाली. "गान्यात तरी असू दे त्याला." आणि तिने सूर लावला, अगदी हळदीच्या मांडवात लावते तसा.

*गोजरानं तोडला, बाय गो, बुध्याचा आंबा,*
*ना इचारलं बुध्याला, ना घेतला थांबा.*
*तुटला आंबा, झाली चोरी, जागच्या जागी गो,*
*तीनशे अठ्ठ्याहत्तराची हळद त्याच्या अंगी गो.*

दादा हसला. कित्येक दिवसांनी हसला, आणि हसणं संपल्यावर म्हणाला की झाड नेलं नाही तरी नुसतं तोडल्याबरोबर चोरी पुरी होते, हेच त्याला आजवर परीक्षेत आठवलेलं नव्हतं. मग त्याने पुढचं उदाहरण सांगितलं. खिशात खाऊ ठेवून दुसऱ्याचं कुत्रं मागे लावून नेलं, तर ते मागे चालू लागताच चोरी होते. आत्याला हे कलम भलतंच आवडलं. साहेबाच्या पुस्तकात इतकी शहाणी गोष्ट असेल असं तिला वाटलं नव्हतं.

*भाकर दिसली गोजराची, कुत्रं चाललं मागं,*
*कुत्रं बुध्याचं, बाय गो, चोरी म्हनाया लागं.*

त्या दिवसापासून आमचा अभ्यास अंधारातच होऊ लागला. दादा अर्थ सांगायचा, आत्या ओळ बांधायची, मी झील धरायची. दुखापत झाली, दरोडा झाला, खोटी साक्ष झाली. सगळं गोजरने केलं. कंटाळा आला म्हणून दादा मध्येच उठला की आत्या दंडाला धरून खाली बसवायची. धवला मध्येच तोडायचा नाही. म्हणून एक कलम धरलं की त्याचे सगळे अपवाद संपेपर्यंत सुटका नसे. दादाचा तांब्या हळूहळू कोपऱ्यात पडून राहू लागला. फक्त शेवटची आशीर्वादाची ओळ आत्या म्हणेना. ती लग्न लागल्यावर म्हणायची असते, आधी म्हटली तर दृष्ट लागते. सनद हातात येऊ दे, मग बघू, असं तिचं उत्तर.

आता गाणं म्हटलं की ते ओसरीवर थोडंच राहतं? अंधारात गावाला दुसरी करमणूक नव्हती. पोरांनी उचललं, विहिरीवर बायकांनी उचललं. बुध्या एकदा बांधावरून मला म्हणाला, "शकूताय, माजा आंबा तोडला म्हनं गोजरानं. कलमी व्हता का रायवळ?" मी म्हटलं, कलमी. तो खूश होऊन कामाला लागला.

गोजर मात्र खूश नव्हता. एक दिवस सकाळीच तो शिट्टी गळ्यात घालून आमच्या अंगणात उभा राहिला. डोळे लाल झाले होते त्याचे.

"भागीरथीबाय, मी कोनाचं पान तरी तोडलंय का कदी? पोरं माज्या मागं कुत्र्यावानी चालतंत न् भाकर मागतंत. मी बदनामीचा दावा लावनार." मग तो दादाकडे वळला. "चांगो, कोनचं कलम रे त्याला?"

दादा नको तिथे प्रामाणिक. "चारशे नव्व्याण्णव, काका," तो म्हणाला.

आत्यालाही वाईट वाटलं असावं. गोजर तिच्या मनाने वाईट माणूस नव्हता, शिट्टी वाईट होती. ती म्हणाली, "बस जरा. तुजं नाव मी साफ करून देते." आणि तिने तिथल्या तिथे ओळ बांधली.

*गोजर आमचा भला गो, गोजर आमचा साधा,*
*कुत्रं त्यानं नेलं नाय गो, सांगते सतरांदा.*

गोजरचं समाधान झालं. ते संध्याकाळपर्यंत टिकलं. संध्याकाळी सगळं गाव "सांगते सतरांदा" म्हणत पोट धरून हसत होतं. इतके दिवस लोक गाणं म्हणून हसत होते, आता त्यांना खरोखरच शंका येऊ लागली की कुत्र्याच्या बाबतीत काहीतरी घडलं असावं. दुसऱ्या दिवशी गोजर परत आला तेव्हा दादा पुस्तक घेऊन धावतच बाहेर आला, नाचायचा तेवढा बाकी होता.

"गोजरकाका, हेच. अगदी हेच दिलंय चारशे नव्व्याण्णवात. ए म्हणतो, झेड फार सज्जन माणूस, त्यानं घड्याळ चोरलंच नाही. पण म्हणतो अशा रीतीनं की ऐकणाऱ्याला वाटावं, चोरलं. ही पण बदनामीच. तुमची दोनदा बदनामी झाली, काका."

एवढी आनंदाची बातमी गोजरला कोणी कधी दिली नसेल. तो पायरीवर बसला. "मंग आता?" म्हणाला.

"आता याची परीक्षा उरकली की गानं उरकंल," आत्या म्हणाली आणि त्याला चहा दिला.

तेव्हापासून दादाच्या परीक्षेची काळजी दादाहून गोजरला जास्त. लढाई थांबली, दिवे लागले, तरी तो रोज विचारायचा, तारीख आली का. आली ती अगदी अचानक, दिवाळीच्या तोंडावर, आणि हातात दिवस थोडे. दादाचा तांब्या पुन्हा कोपऱ्यातून निघाला. त्यातून जायच्या दिवशी एसटी आलीच नाही. कोणी म्हणे गाड्या लष्कराने नेल्या त्या अजून परतल्या नाहीत, कोणी म्हणे ड्रायव्हर झोपला. आसनगाव स्टेशनपर्यंत जायचं कसं, म्हणून आबा डोक्याला हात लावून बसले तेवढ्यात गोजरची बैलगाडी दारात उभी राहिली. आत्याने दादाच्या कोटाच्या खिशात तांदळाची भाकर कोंबली, आणि कधी नव्हे ते देवासमोर सुपारी ठेवली. गोजरने बैल असे पिटाळले की दादाला वाटेत सगळी कलमं हादरून खाली पडतील अशी भीती वाटली.

पुढचं दादाच्या तोंडचं आहे, तेव्हा थोडं कमी करून ऐकावं. पेपर हातात आला. डोकं कोरं. बाजूची मुलं भराभर लिहू लागली आणि याला स्वतःचं नाव आठवेना. घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून त्याने खिशात हात घातला, तर हाताला लागली आदल्या दिवशीची भाकर. भाकरीवरून कुत्रं आलं, कुत्र्यामागून गोजर आला, गोजरमागून आंबा. दादा गुणगुणू लागला. पर्यवेक्षक जवळ आले आणि म्हणाले, पुन्हा आवाज आला तर बाहेर काढीन. आता धवला तर तोडता येत नाही. आणि म्हटला तर बाहेर. दादाने भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला आणि घशातल्या घशात धवला चालू ठेवला. वाळकी भाकर तोंडात धरून डोळे मिटून डोलणारा उमेदवार त्या पर्यवेक्षकांनी आधी पाहिला नसावा. ते लांबून लांबून बघत राहिले, पण भाकरीविरुद्ध नियम नव्हता.

शेवटचं पान झाल्यावर दादाने उत्तरं वाचून काढली. इंग्रजीत लिहिलेल्या उत्तरांत ए कुठेच नव्हता. पानापानावर गोजर होता. गोजरने झाड तोडलं, गोजरने कुत्रं नेलं, आणि बदनामीच्या उत्तरात तर भागीरथी नावाची एक बाई गोजर सज्जन असल्याचं सतरा वेळा सांगत होती. खोडायला वेळ उरला नव्हता.

घरी येऊन तो सरळ म्हणाला, "आबा, मामाला कळवा. मी गिरणीवर बसतो." आत्या त्या दिवशी जेवली नाही. आपल्या गाण्याने पोराचं वाटोळं झालं असं तिने मनाशी धरलं. निकाल लागेपर्यंत तिने तोंडातून सूर काढला नाही, एका हळदीलाही गेली नाही. घरात तिचं गाणं नाही म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मला ते दिवस अजून आठवायला नको वाटतात.

आणि दादा पास झाला. माझं मत असं की तपासणारा माणूस ए आणि झेड वाचून कंटाळला असणार. ही बातमी आणि सगळी हकीकत ऐकल्यावर गोजरने एकच विचारलं. "म्हंजे माजं नाव मुंबईला गेलं? लिवलेलं?" मग तो दावा विसरला आणि गावभर गूळ वाटत सुटला. आत्याने राहिलेली ओळ म्हटली.

*चांगोच्या कपाळी गो, सनदेचं बाशिंग,*
*शहापूरच्या कोर्टात वाजू दे त्याचं शिंग.*

शिंग वाजलं आणि पाठोपाठ टोकावड्याची सुंदरा सांगून आली. पुढच्या वैशाखात लग्न. मांडव टोकावड्याला, आणि आमच्या बाजूने धवला म्हणायला अर्थातच भागीरथी आत्या. बोहल्यासमोर बसून तिने सुरुवात केली. गावाचं नाव झालं, आबांचं नाव झालं. पुढची ओळ नवऱ्याच्या आईच्या नावाची. तिथे येऊन आत्या थांबली.

शेकडो मांडवांत तिने ती ओळ न अडखळता म्हटली होती. तोंड उघडं होतं, पण सूर येईना. नजर कोरी झाली, दादाची पेपर बघून व्हायची अगदी तशीच. टोकावड्याच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. धवला तुटतोय हे त्यांनाही कळलं. आबा मान खाली घालून बसले. मी झील धरायला शेजारी होते, पण ओळच नाही तर झील कसली धरणार?

तेवढ्यात बाशिंगाआडून त्याच सुरात आवाज आला. *गोजरानं तोडला, बाय गो, बुध्याचा आंबा.* स्वतःच्या लग्नात नवरा चोरीचं कलम म्हणत होता. आमच्या बाजूचा मांडव हसून कोसळला, टोकावड्याचे लोक आ वासून बघत राहिले, आणि मागच्या रांगेतून गोजर टोपी सारखी करत उठला. "त्यो गोजर मीच," त्याने व्याह्यांना सांगितलं.

आत्या हसली. हसता हसता तिला रडू आलं आणि रडता रडता श्वास मोकळा झाला. सूर जिथे सोडला होता तिथूनच तिने उचलला आणि माझ्या आईचं नाव घेतलं. *सरस्वतीचा चांगो गो.* ती पुढच्या ओळीला जाणार, तर दादा हळूच म्हणाला, "आत्ये, अर्धं नको सोडू. अजून एक नाव ऱ्हायलंय."

ती पुन्हा थांबली, पण या वेळी विसरून नव्हे. जन्मभर दुसऱ्यांच्या आयांची नावं घेतली होती तिने. दादाकडे बघत तिने अगदी हळू आवाजात म्हटलं, *भागीरथीचा चांगो गो.* मी झील धरली. माझा आवाज काही नीट लागला नाही, पण धवला पुरा झाला.